गच्चीवरची मंडई : फुगलेली झाकणं, कडू दुधी आणि पावसातली सांडगी मिरची

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये भाजी येत नाही अशी तक्रार जवळजवळ नाही. तक्रार आहे ती सगळी एकदम येते याची. सहकारनगरातल्या माझ्या गच्चीवर बावीस कुंड्या आणि चार अर्धी पिंपं आहेत, त्यामुळे हे दुखणं मला चांगलं ठाऊक आहे. फेब्रुवारीत आमच्या वाड्यातल्या जुन्या शेजारणी मला टाळतात, कारण भेटले की मी हातात टोमॅटो ठेवते.

काकू, सहा रोपांचे मिळून आठवड्याला तीनेक किलो टोमॅटो निघतात. प्युरी करून उकळून घेतलेल्या काचेच्या बाटल्यांत भरली आणि ओट्यावर ठेवली. वर काही घातलं नाही. दहाव्या दिवशी दोन झाकणं फुगली. पुन्हा उकळून वापरली तर चालेल का? (कोथरूड)

नाही. चाखूनही बघू नका. पिशवीत बांधून टाकून द्या, आणि ज्या बाटल्या फुगलेल्या नाहीत त्यांचंही मन घट्ट करून तेच करा.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. पहिल्या वर्षी मीही हौसेनं बोहरी आळीतून बाटल्या आणल्या होत्या. चौदा भरल्या. एक रात्री दीड वाजता फुटली. यजमान चोर समजून काठी घेऊन उठले. स्वयंपाकघराच्या छतावरचा तो लाल डाग दोनदा रंग काढूनही अजून ओळखू येतो.

टोमॅटो आंबट म्हणून टिकतो, हे अर्धंच खरं आहे. आंबटपणाच्या पीएच मापावर ४.६ ही हद्द. आकडा त्याहून खाली, म्हणजे आंबटपणा पुरेसा असेल, तर बोटुलिझमचे, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचे, जंतू वाढत नाहीत. टोमॅटो नेमका याच हद्दीवर घुटमळतो, आणि रोपावरच मऊ होईपर्यंत राहिलेला तर ती ओलांडूनही जातो. या जंतूंचे बीजाणू नुसत्या उकळण्यानं मरत नाहीत. त्यात आपलं पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. लिंबू पिळून आंबटपणा वाढवता येतो, पण आपल्या लिंबाला तरी कुठं एक चव असते?

म्हणून मी बाटल्यांचा नाद सोडला. आता टोमॅटो धुऊन, पुसून, देठाची जागा कोरून अख्खेच पिशवीत भरते आणि फ्रीझरमध्ये टाकते. लागेल तेव्हा काढून नळाखाली धरायचा, साल पायमोज्यासारखी निघून येते. कोशिंबिरीला तो कामाचा नाही, लिबलिबीत होतो. सार मात्र फर्मास. शिजवून गाळायचं, मीठ, थोडा गूळ, मग तुपात जिरं, हिंग, कढीपत्ता, एक सुकी मिरची. नारळाचं दूध गॅस बंद करता करता घाला, खळाखळा उकळलंत तर फुटेल.

आणि एक. मार्चअखेर रात्री उबदार झाल्या की टोमॅटोची फुलं गळायला लागतात. तेव्हा खतांच्या मात्रा वाढवत बसू नका, रोपाचा हंगाम संपलाय. हिरवे राहिलेले काढून घ्या. ज्यांच्यावर किंचित पिवळसर झाक आलीय ते वर्तमानपत्रात एका पिकल्या केळ्याशेजारी ठेवा, पिकतील. अगदी कच्चे असतील त्यांची चटणी करा. तेलात परतायचे, बरोबर लसूण आणि हिरवी मिरची, मग भाजलेले तीळ आणि दाणे घालून भरड वाटायचं. भाकरीबरोबर खाल तर पिकल्या टोमॅटोची वाट बघणार नाही.

गेल्या जुलैत मिरच्या खूप आल्या म्हणून सांडगी मिरची केली. पंख्याखाली वाळवली तरी बुरा आला. कुठं चुकलं? (धायरी)

कृतीत नाही, महिन्यात. पुण्याच्या जुलैत पापडसुद्धा डब्यात मऊ पडतो, तिथं दह्यात भिजलेली मिरची काय वाळणार? बुरा पुसून तळली नसेल अशी आशा करते.

आता मात्र अगदी योग्य वेळ आहे. हवा कोरडी, ऊन कडक. जाड सालीच्या, फिक्या, कमी तिखट मिरच्या घ्या. देठ ठेवून उभी चीर द्या आणि धणे, जिरे, थोड्या मेथ्या यांची भरड, हिंग, मीठ भरा. रात्री आंबट दह्यात बुडवायच्या, सकाळी ताटात उन्हात पसरायच्या, संध्याकाळी उचलून पुन्हा त्याच दह्यात. तीन-चार दिवसांत दही मिरच्याच पिऊन टाकतात. मग कडकडीत होईपर्यंत वाळवा. मोडल्यावर कट्कन आवाज आला पाहिजे. पारव्यांसाठी वर जुनं मलमलीचं धोतर ताणून बांधा.

पावसाळ्यातल्या मिरच्यांचा ठेचा करा, पण थोडा आणि फ्रीजमध्ये. तेलातला लसूण बाहेर ठेवून आठवडाभर पुरवू नका, वर सांगितलेला बोटुलिझमचा धोका तिथंही असतो.

दुधी बोटभर होऊन पिवळे पडतात आणि गळतात. एकच मोठा झाला, तो कडू निघाला. (हडपसर)

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात. मग पराग पोचत नाही आणि फळ गळतं. सातच्या सुमारास गच्चीत जा. बारीक सरळ दांड्याचं ते नरफूल. ज्याच्या मागं इवलासा दुधी चिकटलेला ते मादीफूल. नरफूल खुडून त्याचा पराग मादीच्या मधोमध हलकेच टेकवा. माझ्याकडे हे काम नातू करतो, त्याला दुधीची भाजी आवडत नाही तरी.

कडू दुधी मात्र गंमत नाही. त्यातली कुकुरबिटासिनं, म्हणजे कडू विषारी द्रव्यं, शिजवून जात नाहीत, उलट्या आणि पोटात रक्तस्रावापर्यंत मजल जाते. अशा दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. चिरण्याआधी एक कच्ची चकती जिभेला लावा, कडू लागली तर थुंका आणि अख्खा फेकून द्या. त्याचं बी ठेवायचं नाही. गोड निघाला तर साल टाकू नका, तीळ घालून कुरकुरीत परता.

लाल अंबाडी जूनमध्ये लावली, सप्टेंबरपर्यंत एक फूल नाही. उपटून टाकली. (औंध)

अहो, घाई केलीत. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय ती फुलत नाही. बोंडं दिवाळीच्या पुढंमागं मिळाली असती. त्यांचा जॅम आपोआप घट्ट बसतो, वरून काही घालावं लागत नाही. या वर्षी पुन्हा लावा, आणि तोवर पाल्याची भाजी खा : तांदळाच्या कण्या, मूठभर तूरडाळ, थोडा गूळ, आणि वरून लसणीची चरचरीत फोडणी, तीत तेलाचा हात आखडू नका.