स्ट्रिंग ट्रीचं भोक सगळ्यात शेवटी पाडा

तुम्ही लिहिलंय की इलेक्ट्रिक गिटारला स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या) पद्धतीची मान घेतली, हेडस्टॉकवर (मानेच्या ट्यूनर असलेल्या टोकावर) स्ट्रिंग ट्रीसाठी, म्हणजे तारा खाली दाबून धरणाऱ्या छोट्या हुकासाठी, भोकच नाही, मोकळी पहिली तार झणझणते आणि दुकानदार म्हणतो की ट्री नटाला (मान आणि हेडस्टॉकच्या मधल्या खाचांच्या पट्टीला) जितका जवळ तितका आवाज भरीव. वाचून राहवलं नाही, कारण ह्याच सल्ल्यापायी माझे सगळ्यात जास्त पैसे गेलेत. माझा ट्री नटापासून 20 मिलिमीटरवर, स्पेसर (ट्रीखाली घालायची छोटी नळी) न घालता गच्च आवळलेला. बी तार (दुसरी) काही केल्या सुरात राहीना. दुरुस्तीवाल्याने आधी ट्यूनर (तारा आवळायच्या खुंट्या) बदलायला लावले, मग ट्रेमोलोच्या (दांडा दाबून तारांचा ताण बदलायच्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा. ट्रीकडे कुणी बघितलंच नाही!

20 मिलिमीटरवर तार 4 मिलिमीटर खाली दाबली तर नटावर जवळपास 11 अंशांचा कोन होतो. तेवढीच तार 40 मिलिमीटरवर दाबली तर कोन सहा अंशांच्या आत राहतो. कोन वाढला की घर्षण वाढतं, आणि तेही दोन ठिकाणी, नटावर आणि ट्रीखाली. बेंड (बोटाने बाजूला ताणलेली तार) सोडल्यावर स्वर उतरलेला आणि ट्रेमोलो दाबून सोडल्यावर चढलेला राहत असेल, तर तार अडकतेय असं समजा. ट्यूनर सैल असेल तर स्वर नुसता उतरत जातो, चढत नाही. हा फरक लक्षात ठेवला तर ट्यूनरचा खर्च वाचेल.

आता जागा. तारा चढवून पूर्ण सुरात आणा. पेन्सिलीचा दांडा पहिल्या दोन तारांवर आडवा धरून 50, मग 40, मग 30 मिलिमीटरवर हलकेच दाबा आणि मोकळ्या तारा छेडा. नटापासून जितक्या लांब दाबून झणझण थांबते, ती तुमची जागा. 30 वर दाबूनही थांबली नाही तर दोष नटाच्या खाचेत आहे. खाच फार खोल असेल किंवा ट्यूनरच्या बाजूला उतरती कापलेली नसेल. तिथे ट्री लावून काही होणार नाही.

ट्री दोन्ही तारांवर बसवून बघा. वरून पाहिलं तर तारा नटापासून ट्यूनरपर्यंत सरळच गेल्या पाहिजेत. एखादी बाजूला ओढली जात असेल तर ट्री सरकवा. खूण करा आणि मगच तारा सैल करा. पट्टीने मोजून आधी भोक पाडू नका. एक-दोन मिलिमीटर चुकलं तरी ते बुजवायला मेपलची खुंटी चिकटवावी लागते आणि पॉलिशवर तो डाग कायमचा दिसतो.

भोक स्क्रूच्या आटे सोडून उरलेल्या गाभ्याइतकं, बहुतेक वेळा 1.6 ते 2 मिलिमीटर. कॅलिपरने मोजाच. हेडस्टॉकची जाडी 14 मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणून बिटला 9-10 मिलिमीटरवर टेप गुंडाळा. आट्यांना मेण किंवा साबण चोळा, नाहीतर मेपलमध्ये हा बारीक स्क्रू डोक्याखाली पटकन तुटतो. स्पेसर घालाच. ट्रीच्या पोटाला 600 आणि मग 1000 नंबरचा पॉलिश पेपर मारा. स्वस्त ट्रीला तिथे हमखास कंगोरे असतात.

डी-जीसाठी (चौथ्या-तिसऱ्या तारांसाठी) दुसरा ट्री लावू नये असं माझं मत आहे, इतरांचं वेगळं असेल. फेंडरने सत्तरच्या दशकात तो लावायला सुरुवात केली, पण जी तारेला तीन-चार वेढे खालच्या दिशेने दिले तर तेवढा कोन सहज मिळतो. तुमचे ट्यूनर उतरत्या उंचीचे असतील तर पहिला ट्रीसुद्धा लागणार नाही कदाचित. आधी आठवडाभर तसंच वाजवून बघा. लॉकिंग ट्यूनरवर मात्र वेढेच नसतात, तार ट्यूनरच्या भोकाच्या उंचीवरूनच निघते, त्यामुळे तिथे पेन्सिलीची चाचणी जी तारेवरही करा.