आउटपुट वळवण्याचे काम कमांडचे नव्हे, शेलचे

प्रश्न : लिनक्सच्या टर्मिनलमध्ये नावांची यादी अकारविल्हे लावण्यासाठी मी ‘सॉर्ट यादी > यादी’ अशी कमांड दिली. कोणतीही त्रुटी दिसली नाही, पण फाइल उघडली तेव्हा ती रिकामी होती. पुढे ‘फाइंड’चे निकाल आणि त्रुटीसंदेश एकाच फाइलमध्ये जावेत म्हणून मी कमांडच्या शेवटी ‘२>&१ > निकाल’ असे लिहिले, तरी त्रुटीसंदेश पडद्यावरच येत राहिले. असे का होते?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. ‘>’ हे चिन्ह ‘सॉर्ट’ला किंवा ‘फाइंड’ला उद्देशून नसते, ते शेल (तुम्ही टाइप केलेली कमांड वाचून ती चालवणारा प्रोग्राम) स्वतः वाचते, त्याप्रमाणे जोडणी करते आणि मगच कमांड सुरू करते. कमांडपर्यंत ते चिन्हही पोहोचत नाही आणि त्यापुढचे फाइलचे नावही नाही.

प्रत्येक प्रोग्रामला सुरू होतानाच साधारणपणे तीन वाटा उघड्या मिळतात : ० क्रमांकाची इनपुटसाठी, १ क्रमांकाची आउटपुटसाठी आणि २ क्रमांकाची त्रुटीसंदेशांसाठी. या क्रमांकांना फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. एरवी या तिन्ही वाटा टर्मिनललाच जोडलेल्या असल्यामुळे निकाल आणि त्रुटी पडद्यावर एकत्र दिसतात, आणि त्या वेगळ्या आहेत हे सहसा लक्षात येत नाही. ‘> निकाल’ असे लिहिले की शेल ती फाइल उघडते, १ क्रमांकाला जोडते आणि त्यानंतर प्रोग्राम चालवते. प्रोग्राम नेहमीप्रमाणे १ वर लिहीत राहतो. लिहिलेले कोठे जाते हे त्याला ठाऊक असण्याची गरजच नसते. १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्येही ही सोय होती, आणि माझ्या मते त्या प्रणालीतील सर्वांत सुंदर कल्पनांपैकी ही एक आहे.

आता तुमच्या यादीकडे वळू. ‘>’ साठी फाइल उघडताना शेल तिच्यातला जुना मजकूर काढून टाकते, त्यामुळे ‘सॉर्ट’ने वाचायला सुरुवात केली तेव्हा तेथे एकही अक्षर उरले नव्हते. रिकाम्या फाइलचा क्रम लावण्यात काहीच चूक नसल्याने त्रुटीही आली नाही. ‘>>’ वापरले असते तर जुना मजकूर राहिला असता, पण क्रम लावलेली यादी त्याच्याच खाली जोडली गेली असती. ‘सॉर्ट -ओ यादी यादी’ हा खरा उपाय आहे, कारण तेथे फाइल ‘सॉर्ट’ स्वतः लिहितो, आणि तीही सगळे वाचून झाल्यावर. ज्या कमांडमध्ये अशी सोय नाही तिचे आउटपुट आधी वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये घ्यावे आणि कमांड यशस्वी झाली तरच ‘एमव्ही’ने मूळ नाव द्यावे. बॅश या लिनक्सवरील प्रचलित शेलमध्ये ‘सेट -ओ नोक्लॉबर’ लावून ठेवल्यास ‘>’ वापरूनही ते आधीपासून अस्तित्वात असलेल्या फाइलवर लिहायला नकार देते. ही सवय मी आग्रहाने सुचवीन, कारण अशा रीतीने गेलेला मजकूर कचरापेटीत सापडत नाही.

दुसऱ्या कमांडमध्ये क्रम चुकला आहे. ‘२>&१’ याचा अर्थ ‘२ ला कायमचे १ च्या मागे लाव’ असा नसून ‘१ या क्षणी जेथे जोडलेला आहे तेथे २ लाही जोड’ असा आहे. शेल या सूचना डावीकडून उजवीकडे पाळते. तुमच्या कमांडमध्ये २ जोडला गेला तेव्हा १ अजून टर्मिनलवरच होता. नंतर एकटा १ फाइलकडे वळला आणि २ मागे राहिला. म्हणून ‘> निकाल २>&१’ असे लिहावे. यात ‘&’ विसरल्यास शेल ‘१’ नावाची फाइल तयार करून त्रुटीसंदेश तिच्यात टाकते.

‘सुडो’ (कमांड प्रशासकाच्या अधिकारात चालवण्याची सोय) लावूनही ‘>’ ने प्रणालीच्या फाइलमध्ये लिहिताना परवानगी नाकारली जाते, तीही याच कारणाने : वाढीव अधिकार कमांडला मिळतात, पण फाइल तुमचे शेल त्याआधीच, तुमच्याच अधिकारात उघडू पाहते. तेथे आउटपुट पाइपने (एका कमांडचे आउटपुट दुसरीला देणाऱ्या ‘|’ या चिन्हाने) ‘सुडो टी’कडे द्यावे; ‘टी’ ही मिळालेला मजकूर फाइलमध्ये लिहिणारी कमांड आहे, म्हणजे फाइल उघडण्याचे काम वाढीव अधिकार असलेल्या ‘टी’कडे जाते.