सुट्टीच्या दिवसांत घरात आणि कार्यक्रमाच्या हॉलमध्ये आग लागू नये म्हणून काय काळजी घ्यावी?

घरी पाहुणे येणार आहेत आणि एका हॉलमध्ये कार्यक्रमही आहे, दोन्हीकडे आगीची काळजी कशी घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. मी वायरिंगची कामं करतो, म्हणून आधी विजेचं सांगतो.

सुट्टीत सगळा लोड एकाच एक्स्टेंशन बोर्डावर येतो. रोषणाईच्या माळा, स्पीकर, चार्जर, आणि वर कुणीतरी त्यातच हीटर लावतं. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर करंट ओढतो, साधा बोर्ड ६ अँपिअरचा असतो. ‘एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) आहे ना, पडेल की’ असं लोक बिनधास्त म्हणतात. पण त्या लाइनचा एमसीबी १६ अँपिअरचा असेल तर ९ अँपिअरला तो हलणारही नाही, आणि बोर्डाची वायर तापत राहील. लूज कनेक्शनचंही तसंच. करंट मर्यादेत असतो, उष्णता मात्र त्या एका सैल जागी तयार होत राहते.

म्हणून पाहुणे यायच्या आधी बोर्ड अर्धा तास चालवा, बंद करा आणि पिन काढून नीट पाहा. पिन चांगलीच गरम लागत असेल, पितळ काळवंडलं असेल, सॉकेटच्या भोकांभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल, तर टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. तो बोर्ड टाकून द्या. वायर गालिच्याखालून नेऊ नका आणि वेटोळं करूनही ठेवू नका, उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही. झोपताना आणि घराबाहेर पडताना माळा बंद. मेणबत्त्याही विझवूनच खोली सोडायची.

स्वयंपाकघरात सगळ्यात जपायचं ते तापलेल्या तेलाला. तेलाने पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही म्हणजे नाहीच. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि आकारमान सुमारे १७०० पट वाढतं. ती वाफ पेटतं तेल थेट अंगावर उडवते. गॅस बंद करा, झाकण बाजूने सरकवत भांड्यावर ठेवा आणि गार होईपर्यंत काढू नका. भांडं उचलून सिंककडे तर मुळीच नेऊ नका. बसेल असं झाकण तळण सुरू करतानाच हाताशी असू द्या.

हॉलमध्ये मात्र खरा घात दारांपाशी होतो. शिकागोचं इरोक्वा थिएटर, ३० डिसेंबर १९०३. नाताळच्या सुट्टीतला दुपारचा खेळ, त्यामुळे प्रेक्षकांत बायका-मुलंच जास्त. रंगमंचावरच्या दिव्याची ठिणगी कापडी पडद्याला लागली आणि ६०० हून अधिक माणसं गेली. इमारत नवीकोरी होती, आग लागूच शकत नाही अशी तिची जाहिरात झाली होती. पण कित्येक दारं कुलूपबंद होती, काही पडद्यांआड दडलेली होती, काहींच्या कड्या लोकांना उघडताच येईनात. आतून नुसतं ढकललं की उघडणारी, आडव्या दांडीची दारं त्यानंतर रूढ होत गेली.

फुकटे घुसतील म्हणून मागचं दार आजही सर्रास बंद ठेवतात, याचा मला मनापासून संताप येतो. खुर्च्या मांडायच्या आधी प्रत्येक दार स्वतः उघडून बघा. ‘चावी वॉचमनकडे आहे’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. दारावर किंवा ‘बाहेर’च्या पाटीवर सजावटीचं कापड येता कामा नये. थर्माकोल आणि कागद हॅलोजनपासून लांब ठेवा. एका माणसाला फक्त दारांचं काम द्या आणि सुरुवातीलाच माइकवरून दारं कुठे आहेत ते सांगा.

फायर एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहून घ्या. छोटा सिलेंडर साधारण १० ते २० सेकंदांत रिकामा होतो, त्यामुळे तो फक्त सुरुवातीच्या लहान आगीसाठी. पाठ दाराकडे ठेवूनच उभं राहायचं, पिन ओढायची आणि ज्वाळेच्या बुडावर मारा करायचा. तेवढ्यात विझली नाही तर तो तिथेच टाकून बाहेर पडा.