वाचकांचे प्रश्न : चिपमधला लेझर किलोमीटरभर जातो कसा?

प्रश्न : गुगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिच्यातून निघालेल्या आणि उघड्या हवेतून लेझरने इंटरनेट पोचवणाऱ्या ‘तारा’ने २०२५ मध्ये नखाएवढी फोटॉनिक चिप, म्हणजे प्रकाशावर चालणारी चिप, दाखवली. अशा दोन चिपांनी एक किलोमीटरवर १० गिगाबिटचा वेग गाठला म्हणे. आरसा नाही, मोटर नाही, मग झोत वळतो कसा? आणि भिंगही लागत नाही का?

उत्तर : वळवण्याचं काम फेज करते, म्हणजे प्रकाशाची लाट दुसरीच्या किती पुढे-मागे आहे ते. अशा चिपवर लेझरचा प्रकाश अनेक वेव्हगाइडांत (प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक वाटांत) वाटला जातो आणि बऱ्याच रचनांत प्रत्येक वाटेवर एक बारीक हीटर असतो. सिलिकॉन तापलं की त्याचा अपवर्तनांक वाढतो आणि त्या वाटेवरचा प्रकाश किंचित मागे पडतो. हा फरक एका शेजाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सारखा वाढवत नेला की झोत कलतो. आडव्या दिशेला असं, तर उभ्या दिशेला अनेकदा लेझरची तरंगलांबीच बदलतात.

भिंगाचा प्रश्न मात्र इतका सहज सुटत नाही. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश ५ मिलिमीटरच्या खिडकीतून निघाला तर सुमारे ०.३ मिलिरेडियनच्या (रेडियनच्या हजारावा भाग, कोनाचं माप) कोनात पसरतो, म्हणजे किलोमीटरवर ३० सेंटिमीटरचा ठिपका. समोरही ५ मिलिमीटरचीच खिडकी असेल तर तिच्यात जेमतेम साडेतीन हजारावा भाग शिरतो. हा झाला ३५ डीबीचा (डेसिबल; दर १० डीबीला प्रकाश दहावा भाग उरतो) तोटा, शिवाय चिपच्या आत-बाहेर होताना जातात ते वेगळे. ताकद वाढवून भागवावं, तर डोळ्यांच्या सुरक्षेची मर्यादा आड येते : वर्ग १ मध्ये, म्हणजे लेझरच्या सर्वांत सुरक्षित वर्गात, या तरंगलांबीच्या अखंड झोताला साधारण १० मिलिवॅट.

दोन्ही टोकांना मोठी भिंगं लावली की तोटा झपाट्याने उतरतो. एकट्या घेणाऱ्या बाजूला १० सेंटिमीटरचं भिंग लावलं तरी तो १० डीबीवर येतो. पण ५ मिलिमीटरचा झोत २० पट रुंद केला की वळण्याचा कोन २० पट आक्रसतो. चिप ±२० अंश फिरवत असेल, तर भिंगाबाहेर उरतो ±१ अंश. म्हणून खांबावरचं यंत्र हातानेच नीट रोखावं लागतं. त्यानंतरची थरथर चिप सांभाळते. ‘मोटर गेली, कटकट गेली’ असं जाहिरातीत शोभतं.

मोठ्या भिंगाने आणखी एक दुखणं येतं. तापलेल्या हवेतून आलेला झोत चुरगळलेला असतो आणि तो अर्ध्या मायक्रोमीटरच्या वेव्हगाइडात मावत नाही. मिलानच्या पॉलिटेक्निकने आणि स्टॅनफर्डने यावर वापरलेली युक्ती आम्हाला सगळ्यात पटते : प्रकाश अनेक तुकड्यांत घ्यायचा आणि माख-झेंडर इंटरफेरोमीटरांच्या (दोन वाटांतला प्रकाश एकत्र करून दोन तोंडांत हवा तसा वाटणाऱ्या रचनांच्या) जाळ्यात जुळवून एका वाटेत आणायचा. १६ तुकड्यांना १५ इंटरफेरोमीटर पुरतात. प्रत्येकाच्या नको असलेल्या तोंडावरचा डिटेक्टर शून्य दाखवीपर्यंत हीटर हलवायचा, बस्स. हवेची खळबळ काही मिलिसेकंदांत बदलते, हीटर मायक्रोसेकंदांत हलतो, त्यामुळे वेळ पुरतो.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेतल्या फेज्ड ॲरे चिपमधून (वर सांगितलेल्या, फेजने झोत वळवणाऱ्या प्रकारच्या) झोताऐवजी ठिपक्यांचा सडा पडतो. चिप खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. वेव्हगाइडच्या रुंदीत एका नॅनोमीटरचा फरक पडला तरी मिलिमीटरभर लांबीत फेज अख्खा फेरा फिरू शकते, त्यामुळे नवी चिप बेसूरच असते. आधी ती थर्मोइलेक्ट्रिक कूलरवर (विजेवर चालणाऱ्या छोट्या थंड-गरम पट्टीवर) एका तापमानाला धरून ठेवा. दूरच्या ठिपक्यावर इन्फ्रारेड कॅमेरा लावा. मग एकेक हीटर शून्यापासून पूर्ण फेऱ्यापर्यंत न्या आणि ठिपका सर्वांत उजळ होईल तिथे सोडा. शेजारचा हीटर तापला की आधीचा जुळलेला बिघडतो, म्हणून अशा दोन-तीन फेऱ्या करा. हे आकडे प्रत्येक कोनासाठी तक्त्यात साठवा.

एवढं करूनही ५१ अंशांवर दुसरा झोत दिसला तर तो दोष जुळणीचा नाही. उत्सर्जकांत (प्रकाश बाहेर टाकणाऱ्या तोंडांत) २ मायक्रोमीटरचं अंतर असलं की तो येणारच. अंतर अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे ७७५ नॅनोमीटरवर आणलं तर तो जातो, पण तेव्हा शेजारच्या वाटा एकमेकींत प्रकाश गळू लागतात.

प्रश्न : ब्राझाव्हिल ते किन्शासा, काँगो नदीवरून ४.८ किलोमीटर लेझर चालला. आंबोलीत का चालू नये?

उत्तर : तो ‘तारा’चाच दुवा, २०२१ मधला, पण आरशांच्या जुन्या यंत्रावरचा. त्याचा ९९.९ टक्क्यांचा गाजलेला आकडा वीस दिवसांचा आहे. धुक्याचा हिशेब सोपा : १७ ला किलोमीटरमधल्या दृश्यतेने भागा, दर किलोमीटरचा तोटा डीबीत मिळतो. ५०० मीटर दिसत असेल तर ३४, २०० मीटर असेल तर ८५. इथे चिप काय नि आरसा काय! जोडीला ७०-८० गिगाहर्ट्झचा रेडिओ ठेवतात, कारण धुकं त्याला फारसं अडवत नाही. त्याला नडतो मुसळधार पाऊस. आंबोलीत जुलैमध्ये दोन्ही एकदम असतात, तेव्हा तिथे फायबरच जमिनीत पुरा.