न्यू जर्सीच्या स्कूल बोर्डात कोण कोणत्या समितीवर, हे कसं ठरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत ९ जणांच्या स्कूल बोर्डावर, म्हणजे तिथल्या सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या मंडळावर, तुम्ही नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदाच निवडून आलात, जानेवारीत समित्या जाहीर होतील असं ऐकलंय आणि तुम्हाला करिक्युलम (अभ्यासक्रम) समिती हवी आहे. नेमणूक कोण करतं, त्यावर मतदान होतं का, आणि नव्या सदस्याला आपलं म्हणणं मांडता येतं का?

नेमणूक बोर्डाचे अध्यक्ष करतात आणि बहुतेक ठिकाणी त्यावर मतदान होत नाही. म्हणणं मांडता येतं, पण यादी तयार होण्याआधी. एकदा ती जाहीर झाली की अध्यक्ष हात लावायला तयार नसतात, कारण एक नाव हलवलं की दुसऱ्या दोन-तीन समित्यांचा मेळ बिघडतो. यात फार राजकारण असतं असा समज आहे. काही बोर्डांत असतंही. पण यादीचा मोठा भाग साध्या बेरीज-वजाबाकीने आणि हितसंबंधांच्या नियमांनी आधीच ठरलेला असतो.

सगळ्यात आधी तुमच्या बोर्डाचा पोटनियम वाचा. कोणत्या समित्या असाव्यात, त्यावर किती जण असावेत आणि ते कोणी नेमावेत हे राज्याच्या कायद्यातून नाही, बोर्डाच्या स्वतःच्या पोटनियमांतून ठरतं. डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तुमचं बोर्ड चालवतं त्या शाळा-विभागाच्या, वेबसाइटवर पॉलिसी मॅन्युअल असतं. न्यू जर्सीत क्रमांक देण्याच्या दोन पद्धती जास्त चालतात. एकीत समित्यांचा पोटनियम ०१५५ या क्रमांकाखाली सापडतो, दुसरीत ९१३० खाली. हा दोन-तीन पानांचा मजकूर वाचताना बघायचं ते एवढंच: अध्यक्ष थेट नेमतात की बोर्डाच्या मंजुरीने, एका समितीवर जास्तीत जास्त किती जण, अध्यक्ष सगळ्या समित्यांचे पदसिद्ध सदस्य आहेत का, समितीचा प्रमुख कोण ठरवतो, आणि नेमलेल्याला मध्येच काढता येतं का. 'अध्यक्षांच्या इच्छेनुसार' अशा अर्थाचं वाक्य दिसलं, तर वर्षाच्या मध्यात बदल होऊ शकतो हे धरून चला.

आता तारखा. नोव्हेंबरात निवडणूक होते त्या डिस्ट्रिक्टांमध्ये बोर्डाची पुनर्रचनेची सभा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात होते. सभा बोर्ड सेक्रेटरी सुरू करतात, नव्या सदस्यांचा शपथविधी होतो आणि मग अध्यक्ष व उपाध्यक्षांची निवड. बोर्डाला अध्यक्ष निवडता आलाच नाही, तर कायद्याने काउंटी सुपरिंटेंडंट (राज्याच्या शिक्षण खात्याचे काउंटीतले अधिकारी) नेमतात. तुम्ही शपथ घेतलेली असल्याने अध्यक्षांच्या निवडीत तुम्हालाही मत असतं. समित्यांवर वेगळं मतदान नसलं, तरी समित्या कोण वाटणार हे तुमच्या त्या पहिल्याच मताने ठरतं. 'मत देतो, करिक्युलम द्या' असा सौदा मात्र करू नका. ९ जणांच्या बोर्डात अशी गोष्ट पंधरा दिवसही झाकून राहत नाही.

निवडीनंतर, काही ठिकाणी डिसेंबरमध्येच, सदस्यांकडे पसंतीक्रमाचा फॉर्म येतो. तो आला नाही तर वाट पाहत बसू नका, स्वतःहून लिहा. अध्यक्ष यादी जानेवारीच्या सभेत वाचून दाखवतात, किंवा पुढच्या एक-दोन आठवड्यांत कळवतात.

मुख्य मुद्दा गणपूर्तीचा. न्यू जर्सीचा १९७५चा खुल्या सभांचा कायदा सांगतो की बोर्डाचं काम चालवण्याइतके सदस्य बोर्डाच्या विषयावर चर्चेसाठी एकत्र जमले, तर ती सार्वजनिक सभा. तिची आगाऊ नोटीस हवी, लोकांना येऊ द्यायला हवं, इतिवृत्त ठेवायला हवं. ९ जणांत हा आकडा ५. म्हणून समितीत जास्तीत जास्त ४. ज्या पोटनियमात अध्यक्ष सगळीकडे पदसिद्ध सदस्य आहेत, तिथे ४ जणांची समिती अध्यक्ष येऊन बसताच ५ ची होते आणि बंद दाराआडची बैठक बेकायदा ठरते. अशा बोर्डात समिती ३ जणांचीच ठेवावी. हा घोटाळा जुन्या, अनुभवी बोर्डांतही होतो, कारण पोटनियमातली ही दोन कलमं वेगवेगळ्या वर्षी लिहिलेली असतात आणि कोणी ती एकत्र वाचत नाही.

आता एक उदाहरण मांडून बघू. समजा अध्यक्ष पदसिद्ध सदस्य नाहीत आणि समित्या पाच आहेत: करिक्युलम ४, वित्त आणि इमारती ४, पॉलिसी ३, कर्मचारी ३, वाटाघाटी (शिक्षक संघटनेशी कराराची बोलणी) ३. एकूण जागा १७. अध्यक्ष सोडून ८ जणांना प्रत्येकी दोन म्हणजे १६, आणि एक जागा अध्यक्षांची. हिशेब नेमका जुळला. आता यातल्या दोन सदस्यांचे जोडीदार याच डिस्ट्रिक्टमध्ये शिक्षक आहेत असं धरा. त्या दोघांना वाटाघाटी समितीवर घेता येत नाही आणि कर्मचारी समितीपासूनही दूर ठेवावं लागतं. त्यांच्या चार जागा उरलेल्या तीन समित्यांतच बसवायच्या. दोघांनाही करिक्युलम आणि वित्त दिलं, तर करिक्युलमच्या ४ पैकी २ जागा शिल्लक राहतात आणि दावेदार उरतात ७. त्यात एखादा सदस्य त्या समितीचा गेल्या वर्षीचा प्रमुख असेल तर तुमच्यासाठी एकच जागा. तुम्हाला करिक्युलम मिळाली नाही, तर त्यामागे अध्यक्षांचा आकस असण्यापेक्षा असा काही हिशेब असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

हितसंबंधांचे नियम स्कूल एथिक्स अ‍ॅक्टमध्ये आहेत आणि ते नव्या सदस्यांना वाटतात त्यापेक्षा कडक आहेत. जवळचा नातेवाईक याच डिस्ट्रिक्टमध्ये नोकरीला आणि शिक्षक संघटनेचा सदस्य असेल, तर तुम्ही करारावर बोलायचं नाही आणि मतही द्यायचं नाही. सुपरिंटेंडंटची (डिस्ट्रिक्टच्या प्रशासनाच्या प्रमुखाची) निवड आणि त्यांचं मूल्यमापन यांतूनही बाहेर राहावं लागतं, कारण नातेवाइकाचे वरिष्ठ शेवटी तेच. तुम्ही स्वतः दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये शिक्षक आहात आणि तुमची संघटना त्याच राज्यव्यापी संघटनेशी संलग्न आहे, तर वाटाघाटींत बसता येत नाही; मात्र करार ठरून मसुद्यावर सह्या झाल्या की अंतिम मतदान करता येतं. नातेवाइकांची व्याख्याही रुंद आहे, सासर-माहेरची बरीच नाती तिच्यात येतात. तेव्हा फॉर्म भरण्याआधी घरात विचारून घ्या: दिराची बायको तिथे पॅरा (वर्गातली मदतनीस) म्हणून काम करते हे मार्चमध्ये कळण्यापेक्षा डिसेंबरमध्ये कळलेलं बरं. शंका असेल तर बोर्डाच्या वकिलांना अध्यक्षांमार्फत विचारा. स्कूल एथिक्स कमिशनकडून आगाऊ सल्लाही मागता येतो. इतक्या जणांना बाजूला व्हावं लागलं की गणपूर्तीच उरत नाही असंही घडतं. तेव्हा 'नाइलाजाचं तत्त्व' म्हणून एक कायदेशीर वाट असते, पण ती वकिलांना विचारून आणि कारणं नोंदवणारा जाहीर ठराव करूनच वापरायची असते.

वाटाघाटी समितीबद्दल थोडं वेगळं सांगतो, कारण नवे लोक ती मागून पस्तावतात. शिक्षकांचे करार बहुधा तीन वर्षांचे असतात आणि ३० जूनला संपतात. बोलणी त्याच्या कितीतरी आधी सुरू होतात आणि एकदा सुरू झाली की मध्येच माणूस बदलणं परवडत नाही. म्हणून ही समिती एका वर्षाची नसून पूर्ण बोलण्यांची समजावी. रात्री उशिरापर्यंत बैठका, आणि तिथे झालेलं घरीही बोलायचं नाही.

वित्त समितीचा जोर जानेवारी ते मे. राज्याच्या मदतीचे आकडे गव्हर्नरच्या बजेट भाषणानंतर येतात, मार्चमध्ये कच्चं बजेट काउंटीकडे जातं, एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला जाहीर सुनावणी होते. मालमत्ता कराच्या वाढीवर २ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे काय कापायचं ही चर्चा खरी याच समितीत होते. करिक्युलमचं काम त्यामानाने वर्षभर पसरलेलं: नवी पाठ्यपुस्तकं, नवे कोर्स, चाचण्यांचे निकाल. पॉलिसी समिती कंटाळवाणी म्हणून कोणी मागत नाही, पण पहिल्या वर्षात बोर्ड कसं चालतं हे शिकायला तिच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. शिवाय ती मागितली की मिळते.

समितीला अधिकार किती, याबद्दल मराठी माणसाचा गोंधळ होतो, कारण डोळ्यांसमोर महापालिकेची स्थायी समिती असते. तिच्या हातात कंत्राटांची मंजुरी असते. इथे समिती काहीच मंजूर करत नाही. ती सुपरिंटेंडंट किंवा बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं ऐकते, प्रश्न विचारते आणि शिफारस करते. उदाहरणार्थ, एखाद्या शिक्षकाची नेमणूक: सुपरिंटेंडंटची शिफारस हवी आणि पूर्ण बोर्डाच्या सदस्यसंख्येच्या बहुमताने, नाव पुकारून मतदान हवं. म्हणजे ६ जण हजर असले तरी ५ मतंच लागतात, ४ पुरत नाहीत. समितीने एखाद्या मुख्याध्यापकाला परस्पर सूचना दिल्या तर ती प्रशासनात ढवळाढवळ होते, आणि तशी तक्रार एथिक्स कमिशनकडे जाऊ शकते. असं असूनही समितीच्या शिफारशी बहुतेक वेळा जशाच्या तशा मंजूर होतात, कारण बाकीच्या सदस्यांनी तो विषय तितका वाचलेला नसतो. जागेसाठी चढाओढ होते ती यामुळे.

दुसऱ्या राज्यातले नातेवाईक सल्ला देतील तो जरा बेतानेच घ्या. मॅसॅच्युसेट्समध्ये बोर्डालाच 'स्कूल कमिटी' म्हणतात, आणि तिच्या उपसमित्यांनाही खुल्या सभांचा कायदा लागू आहे. पेनसिल्व्हेनियात केवळ सल्ला देणारी समितीही त्या कायद्यात येते. इलिनॉयमध्ये ७ जणांच्या बोर्डाची गणपूर्ती ४, पण गणपूर्तीचं बहुमत, म्हणजे ३ जण, एकत्र बसून बोर्डाच्या कामावर बोलले तरी ती सभा धरतात. कॅलिफोर्नियात कायम विषय सोपवलेली समिती खुली ठेवावी लागते. गणपूर्तीपेक्षा कमी सदस्यांची, एका कामापुरती सल्लागार समिती त्यातून सुटते. न्यूयॉर्कमध्ये, अगदी छोटी डिस्ट्रिक्ट सोडली तर, ऑडिट समिती कायद्यानेच लागते आणि तिच्यात किमान ३ जण हवेत.

हवी ती समिती मिळाली नाही, तर 'मी नुसती ऐकायला येऊन बसते' असं म्हणू नका. ४ जणांच्या समितीत तुम्ही पाचव्या ठरता आणि गणपूर्ती होते. त्याऐवजी समितीचा अजेंडा आणि बैठकीनंतरची टिपणं सगळ्या सदस्यांना पाठवावीत अशी विनंती करा. बहुतेक बोर्डांत ती तशीही येतात. वर्षात मध्येच तात्पुरत्या समित्या निघतात, जसं नव्या सुपरिंटेंडंटचा शोध, शाळांच्या हद्दींची फेरआखणी किंवा इमारतींसाठी सार्वमत; त्यांना माणसं लागतात. राज्याच्या स्कूल बोर्ड असोसिएशनवरचा प्रतिनिधी, पालक-शिक्षक संघटनेचा संपर्क सदस्य अशा जागाही अध्यक्षच वाटतात आणि तिथे गर्दी कमी असते.

अध्यक्षांना पाठवायच्या पत्रात भावना कमी आणि यादी बनवणाऱ्याला उपयोगी पडेल अशी माहिती जास्त असू द्या. साधारण असं: 'माझा क्रम करिक्युलम, पॉलिसी, वित्त असा आहे. सोमवार आणि बुधवारी संध्याकाळी ५ नंतर मी मोकळी असते, सकाळी ८च्या बैठका जमणार नाहीत. डिस्ट्रिक्टमध्ये माझा कोणीही नातेवाईक नोकरीला नाही, त्यामुळे कर्मचारी आणि वाटाघाटी या समित्यांसाठीही अडचण नाही. दोन समित्या सांभाळू शकेन.' वेळा लिहायला विसरू नका: वित्ताची बैठक बऱ्याच ठिकाणी ऑफिसच्या वेळात ठेवतात, आणि नोकरी करणाऱ्या सदस्याचं नाव तिथून आपोआप गळतं. वाटाघाटीला अडचण नसल्याचं सांगणं फायद्याचं ठरतं, कारण अध्यक्षांना माणसं कमी पडतात ती तिथेच, आणि तिथे बसायला तयार असलेल्या सदस्याला दुसरी समिती त्याच्या पसंतीची देणं त्यांना सोपं जातं.

हे पत्र एकट्या अध्यक्षांनाच पाठवा. सगळ्या बोर्डाला पाठवलं आणि चौघांनी 'रिप्लाय ऑल' करून आपापलं मत लिहिलं, तर ईमेलवरच पाच जणांची चर्चा झालेली असते.