एक्स-मेन वाचून झाल्यावर

प्रिय दोस्ता,

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. एक्स-मेन या सुपरहिरोंच्या टीमचं ‘गॉड लव्ह्ज, मॅन किल्स’ हे कॉमिक एका बैठकीत संपवलंस, अंगावर आलं, आणि तरी काहीतरी हुकल्यासारखं वाटतंय, असं लिहिलंयस. मारामारी कमी आहे, वुल्व्हरिनला पुरेसं मोकळं सोडलेलं नाही, आणि शेवटी खलनायकाला एक्स-मेनपैकी कुणीच हरवत नाही, ही तुझी तक्रार. त्यातली शेवटची मला फार महत्त्वाची वाटते. तिच्यावर लिहायचं तुझ्या मनात आहे म्हणतोस, तर लिही. पण त्याआधी पुस्तक पुन्हा एकदा, सावकाश वाच. ते कसं वाचावं याबद्दल थोडं सांगतो.

पहिली गोष्ट, शक्ती मोजणं सोड. आमच्या पिढीनं इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर जीव टाकला. तो एकटा, त्याचा शब्द अखेरचा. अशा गोष्टीत नायक काय करणार एवढाच प्रश्न असतो. टीमची गोष्ट वेगळी चालते. एकाच छपराखाली राहणारी माणसं एकाच संकटाकडे वेगवेगळ्या नजरेनं बघतात, आणि त्यांचं पटत नाही, तिथे गोष्ट घडते. त्यामुळे कोण कुणाला उलट बोललं, कोण गप्प राहिलं, कुणाचं मत कुठल्या पानावर डळमळलं, हे टिपत जा. कुणाच्या डोळ्यांतून किरण निघतात आणि कुणाच्या हातातून पाती, हे तुला तोंडपाठ आहेच.

ही टीम मुळात अशी नव्हती. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ साली एक्स-मेन सुरू केलं तेव्हा त्यात पाच विद्यार्थी होते, पाचही गोरे अमेरिकन. अंक फारसे खपेनात, तेव्हा १९७० पासून पाच वर्षं प्रकाशक मार्व्हलनं जुन्याच गोष्टी पुन्हा छापून मासिक जेमतेम जिवंत ठेवलं. १९७५ साली लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी टीम नव्यानं बांधली. केनियातून स्टॉर्म आली, सोव्हिएत संघातल्या सामूहिक शेतावरून कोलोसस आला, कॅनडातून वुल्व्हरिन आला. नाइटक्रॉलर आला जर्मनीतून. तिथे गावकरी त्याला ठार मारायला मागे लागले होते. त्याच वर्षी क्रिस क्लेरमाँटच्या हाती लेखन आलं आणि १९९१ पर्यंत ते त्याच्याच हाती राहिलं. एवढी वर्षं एका लेखकानं ही माणसं सांभाळली, म्हणून १९८२ सालच्या या साठेक पानांच्या पुस्तकात त्याला कुणाचीच ओळख करून द्यावी लागत नाही. ती घरातल्या माणसांसारखी बोलायला लागतात आणि आपण मधेच दारात येऊन उभे राहतो. तू आधीचे अंक वाचले नव्हतेस, तरी अडलं नाही ना? त्यामागे ही सात वर्षांची मेहनत आहे.

आता सुरुवातीची पानं पुन्हा उघड. रात्र. दोन लहान भावंडं जिवाच्या आकांतानं पळतायत. मुलगा अकरा वर्षांचा, बहीण नऊची. दोघं कृष्णवर्णीय. शाळेच्या मैदानावर त्यांना गाठलं जातं आणि मारलं जातं. ती म्यूटंट, म्हणजे जन्मतःच काही अमानवी शक्ती घेऊन आलेली आहेत, एवढंच कारण. मग त्यांना झोपाळ्याला लटकवतात, गळ्यात पाटी अडकवतात, म्हणजे सकाळी शाळेत येणाऱ्या मुलांना ती दिसावीत. या पानांत एकही सुपरहिरो नाही. वाचवायला कुणी येत नाही. येतो तो उशिरा, आणि येतो कोण, तर मॅग्नेटो. इतकी वर्षं ज्याला आपण खलनायक म्हणून ओळखतो, तो त्या मुलांना खाली उतरवून घेतो. इतर मुलांच्या नजरेला ती पडू नयेत म्हणून.

चित्रकार ब्रेंट अँडरसननं हा प्रसंग कसा रेखाटलाय ते नीट बघ. नेहमीच्या कॉमिक्समधली फुगवलेली शरीरं इथे नाहीत. चेहरे खऱ्या माणसांचे आहेत, भीती खरी आहे, मारेकरीसुद्धा रस्त्यावर भेटतील अशी साधी माणसं आहेत. तू ही पानं भराभर उलटलीस, कारण तुला एक्स-मेनकडे पोचायचं होतं. साहजिक आहे. या वेळी मात्र शब्द न वाचता नुसती चित्रं बघत जा. चौकट कुठे मोठी होते, कुठे आवळत जाते, माणूस पानाच्या कुठल्या कोपऱ्यात ढकलला जातो, हे आधी डोळ्यांना कळू दे. मग मागे येऊन संवादांचे फुगे वाच. क्लेरमाँट भरपूर लिहितो, त्याचे फुगे शब्दांनी गच्च असतात, आणि घाईत वाचणारा चित्र सोडून शब्दांमागे धावतो.

मॅग्नेटोबद्दल एक गोष्ट माहीत असू दे. १९८१ साली, मासिकाच्या दीडशेव्या अंकात, क्लेरमाँटनं त्याचं बालपण पहिल्यांदा उघड केलं. तो ऑश्विट्झमधून वाचलेला आहे. पुढच्याच वर्षी हे पुस्तक आलं. मेलेल्या मुलांना तो उचलून घेतो तेव्हा यापूर्वी त्यानं काय पाहिलेलं असेल, हे तेव्हाच्या वाचकाला ताजं ताजं ठाऊक होतं. तुला ते आता कळलं. तेवढ्यानं ते पान बदलतं की नाही बघ.

आता किट्टी प्राइड. टीममधली सर्वांत धाकटी, तेरा-चौदा वर्षांची, ज्यू. तुझ्या मेसेजमध्ये तिचं नावसुद्धा नाही, आणि माझ्या मते हे पुस्तक तिचं आहे. नृत्यशाळेबाहेर ओळखीतलाच एक मुलगा म्यूटंटांविरुद्ध गरळ ओकतो आणि ती त्याच्या अंगावर धावून जाते. नृत्यशिक्षिका स्टीव्ही हंटर तिला सावरते, समजावते, की हे नुसते शब्द आहेत, मनाला लावून घेऊ नकोस. स्टीव्ही कृष्णवर्णीय आहे. किट्टी रागाच्या भरात तिला विचारते, की त्यानं कृष्णवर्णीयांना हिणवणारी शिवी वापरली असती तर तू एवढ्याच शांतपणे घेतलं असतंस का? आणि ती शिवी ती उच्चारते.

या चौकटीवर आजही वाचकांचे दोन तट आहेत. काहींना ती पुस्तकातली सर्वांत धारदार जागा वाटते. काही म्हणतात, खऱ्या माणसांनी शतकानुशतकं सोसलेला अपमान एका काल्पनिक जमातीच्या दुःखाशी तोलायला वापरणं बरोबर नाही. मी दुसऱ्या बाजूकडे झुकतो, आणि तरीही ती चौकट काढून टाकावी असं मला वाटत नाही. किट्टी लहान आहे, दुखावलेली आहे, आणि दुखावलेलं पोर हाताला लागेल ते फेकून मारतं. लेखकानं तिला शहाणी करून दाखवलं नाही, हे मला आवडतं. तुला काय वाटतं ते तू ठरव. पण त्या पानावर थांबल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

इथूनच एक मोठा मुद्दा निघतो, आणि लेख लिहिताना तो तुला आडवा येणारच. म्यूटंट म्हणजे अमुक, असं समीकरण मांडायचा मोह प्रत्येकाला होतो. कुणी वंश म्हणतं, कुणी धर्म, आणि आपल्याकडे वाचताना जात आठवतेच. आठवू दे. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणं म्हणजे काय, हे आपल्याला परक्या देशाच्या पुस्तकातून शिकायची गरज नाही. पण एक फरक डोळ्याआड करू नकोस. टीममधल्या सायक्लॉप्सनं डोळ्यांवरचं भिंग काढलं तर समोरची भिंत कोसळते. म्यूटंटाला घाबरणाऱ्या माणसाच्या भीतीला गोष्टीच्या जगात थोडा तरी आधार आहे. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं गेलं, त्यांच्यापासून कुणालाही कसलाच धोका नव्हता. उलट सगळी ताकद बाहेर ठेवणाऱ्यांच्या हातात होती. रूपक इथे तोकडं पडतं. ते जिथे तोकडं पडतं ती जागा दाखवलीस, तर तुझ्या लेखाला वजन येईल. नुसतं ‘हे आपल्यासारखंच आहे’ म्हणून थांबलास तर दोन्हीकडच्या माणसांवर अन्याय होईल.

खलनायकाकडेही असंच बघ. रेव्हरंड विल्यम स्ट्रायकर. पूर्वी लष्करात होता. नेवाडाच्या वाळवंटात त्याच्या गाडीला अपघात होतो, गरोदर बायकोला तिथेच मूल होतं, ते म्यूटंट निघतं. तो मुलाला मारतो, बायकोला मारतो. मग स्वतःच्या या कृत्याला अर्थ मिळावा म्हणून देवाचा आदेश शोधून काढतो. त्याच्याकडे कुठलीच अमानवी शक्ती नाही. त्याच्याकडे टीव्हीचा कॅमेरा आहे, बायबलमधली वचनं आहेत, आणि टाळ्या वाजवणारी गर्दी आहे. टीमचा गुरू प्रोफेसर झेव्हियर त्याच्याशी दूरचित्रवाणीवर वाद घालायला जातो तो प्रसंग आठव. जगातला सर्वांत ताकदवान मनकवडा तिथे सभ्यपणे मुद्दे मांडत बसतो आणि प्रेक्षकांची मनं समोरचा जिंकतो. २००३ साली या पुस्तकाचा आधार घेऊन दुसरा एक्स-मेन चित्रपट निघाला, त्यात स्ट्रायकरला लष्करी कर्नल केलंय. व्यासपीठ गेलं, प्रवचन गेलं. चित्रपट मला आवडतो, पण पुस्तकातली दहशत तिथे पोचत नाही, कारण फौजफाटा घेऊन येणाऱ्या माणसापेक्षा हसतमुखानं प्रवचन देणारा जास्त घाबरवतो. तू चित्रपट आधी पाहिला होतास. दुसऱ्या वाचनात तो जरा बाजूला ठेव.

आणि आता तुझी तक्रार. मॅडिसन स्क्वेअर गार्डन, खचाखच भरलेली सभा, थेट प्रक्षेपण. सायक्लॉप्स स्ट्रायकरला गर्दीसमोर प्रश्न विचारतो. स्ट्रायकर नाइटक्रॉलरकडे बोट दाखवतो. निळं अंग, टोकदार शेपटी, पिवळे डोळे. ह्याला तुम्ही माणूस म्हणता? तेव्हा किट्टी पुढे होते. ती कुणाला ठोसा मारत नाही, भिंतीतून आरपार जात नाही. नाइटक्रॉलर किती भला आहे एवढंच ती सगळ्यांदेखत ठणकावून सांगते. ज्या देवाच्या नावानं स्ट्रायकर बोलतोय त्याच देवावर नाइटक्रॉलरची श्रद्धा आहे, हे मासिकाच्या वाचकाला माहीत असतं, त्यामुळे हा प्रसंग आणखी टोचतो. स्ट्रायकर तिच्यावर पिस्तूल रोखतो. गोळी सुटते. पडतो स्ट्रायकर. ती गोळी बंदोबस्तावरच्या एका साध्या पोलिसानं झाडलेली असते.

तू म्हणतोस, एक्स-मेननी हरवायला हवं होतं. जरा विचार कर, त्यांनी हरवलं असतं तर काय झालं असतं? सभेतल्या हजारो लोकांनी आणि घराघरातल्या प्रेक्षकांनी म्यूटंटांना एका धर्मोपदेशकाला लोळवताना पाहिलं असतं. स्ट्रायकर म्हणत होता ते खरं ठरलं असतं. म्हणून लेखकाला तिथे ज्याच्याकडे काहीच विशेष नाही असा माणूस हवा होता. समोर एक मुलगी आहे आणि तिच्यावर पिस्तूल रोखलंय, एवढं त्याला दिसलं. ती म्यूटंट आहे हे त्यालाही ठाऊक होतं. टीमच्या गोष्टीचा निर्णायक क्षण टीमबाहेरच्या माणसाच्या हाती देणं, हे धाडस मला आजही थक्क करतं.

पण तुझ्या अस्वस्थतेत दुसरंही काही असेल, तर तेही लिही. शेवटी प्रश्न सुटला तो गोळीनंच. तो पोलीस त्या क्षणी वेगळा वागला असता तर? एवढ्या मोठ्या वादाचं उत्तर एका माणसाच्या भलेपणावर टांगून ठेवायचं का? याचं उत्तर पुस्तक देत नाही, आणि झेव्हियरलाही ते पुरत नाही. म्हणून तर शेवटच्या पानांवर, मॅग्नेटो त्याला आपल्या बाजूला बोलावतो तेव्हा तो जवळजवळ जातो. आयुष्यभर सलोख्याची शिकवण देणारा गुरू मोडून पडतो, आणि त्याला अडवतो तो स्कॉट, म्हणजे सायक्लॉप्स, त्याचा सर्वांत जुना विद्यार्थी. गुरूनंच शिकवलेलं गुरूला परत सांगतो. मी तुला मारामारी सोडून मतभेद बघ म्हटलं, ते या पानांसाठी.

लेखाबद्दल दोन गोष्टी. कथानक सांगण्यात जागा घालवू नकोस, एका परिच्छेदात उरक. आणि ‘भारी’, ‘जबरदस्त’ हे शब्द जिथे जिथे येतील तिथे ते खोडून, तुला तसं ज्या चौकटीमुळे वाटलं ती चौकट वर्णन कर. ती कुठल्या पानावर आहे, त्यात कोण कुठे उभं आहे, उजेड कुठून येतोय. पुस्तकावर प्रेम आहे हे वाचणाऱ्याला त्यातून आपोआप कळेल.

त्यानंतर मागे जाऊन १९७५ सालचा तो जाडा अंक वाच, नवी टीम जमते तो. मग किट्टी पहिल्यांदा येते ते १९८० सालचे अंक. ती कुठून आली हे कळलं की गार्डनमधला प्रसंग तिसऱ्यांदा वाचावासा वाटेल. लेखाचा पहिला खर्डा झाला की मला पाठव. पोलिसाबद्दल माझं पटलं नसेल तर तेच आधी लिही, मी उलट उत्तर देईन.

तुझा,
काका