तो चेक अजून भरू नका

प्रश्न (ओळख पटेल असे तपशील गाळून, थोडक्यात):

मी न्यू जर्सीत राहते. गेली चार वर्षं दिवाळीचा फराळ करून विकते. परवाना असलेलं भाड्याचं किचन आहे, हाताखाली दोघीजणी आहेत, धंदा माझ्याच नावावर. ऑगस्टच्या शेवटी एका इंडियन ग्रोसरीवाल्याने फोनवर ४०० डबे सांगितले, २२ डॉलरला एक. दोन वर्षं त्याला माल देते, नेहमी तोंडीच. त्याच रात्री मी व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं लिहून पाठवलं: ४०० डबे, दर, दिवाळीच्या सहा दिवस आधी दुकानात पोच, पैसे महिन्याभरात, खाली माझं नाव. त्याने नुसता अंगठा पाठवला. दिवाळीला १२ दिवस असताना मेसेज आला, ‘वो ४०० बॉक्स का ऑर्डर कॅन्सल कर दो, दूसरा १७ में दे रहा है.’ तोवर २५० डबे तयार होते, वर दुकानाच्या नावाची लेबलं. रागाच्या भरात मी लिहिलं, ‘मग मी मिळेल त्या भावाला विकीन आणि फरक तुमच्याकडून घेईन.’ मंडळाच्या कार्यक्रमात आणि ओळखीत १८० डबे १५ डॉलरने गेले, उरलेले ७० वाटून टाकले. आता तो म्हणतो, सही नाही, विसार नाही, म्हणजे काँट्रॅक्टच नाही. परवा त्याचा १,००० डॉलरचा चेक आला, त्यावर ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’ लिहिलंय. आमचे हे म्हणतात, चेक भर आणि उरलेल्या ७,८०० साठी केस कर. वाटल्यास ऑगस्टच्या तारखेचं एक इन्व्हॉइस करून ठेवू. मैत्रीण म्हणते, तो कामगारांना रोखीत पगार देतो, ‘आयआरएसला (अमेरिकेच्या कर खात्याला) कळवीन’ एवढं म्हण, धावत येईल. काय करू?

उत्तर:

ताई, आधी त्या चेकचं बोलू, कारण तो तुमच्या फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला असणार आणि घरात कोणीतरी फोनने त्याचा फोटो काढून खात्यात जमा करण्याच्या बेतात असणार. करू देऊ नका. रकमेबद्दल खरोखरचा वाद असताना समोरच्याने चेकवर ‘पूर्ण आणि अंतिम’ असं ठळक लिहिलं, आणि तो तुम्ही वटवलात, तर न्यू जर्सीच्या कायद्यात तुमचा पूर्ण दावा तिथेच मिटतो. मागच्या बाजूला ‘निषेध नोंदवून स्वीकारला’ असं लिहून भरण्याची युक्ती आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते; तिचा इथे उपयोग नाही. चुकून वटवलेल्या अशा चेकचे पैसे ९० दिवसांत परत करण्याची एक पळवाट कायद्यात आहे, पण ती ज्याला तो शेरा ठाऊक नव्हता त्याच्यासाठी. तुम्ही तर तो वाचून मला कळवलात. तेव्हा चेकची प्रत काढा, मूळ चेक रजिस्टर्ड पोस्टाने परत करा, सोबत एकच ओळ: ही रक्कम पूर्ण भरपाई म्हणून मान्य नाही.

आणि चेक पाठवला म्हणजे त्याने कबूल केलं, असंही समजू नका. तडजोडीसाठी पुढे केलेली रक्कम कोर्टात कबुली म्हणून वापरता येत नाही. लोकांनी न घाबरता तडजोड करावी, यासाठीच तो नियम आहे.

आता मुख्य प्रश्न. विसार नाही म्हणजे सौदा नाही, ही समजूत आपण गावाहून सोबत घेऊन आलो आहोत. जमिनीच्या व्यवहारात विसारपावती नसेल तर गावचा माणूस बोलणं पुढे नेत नाही, हे खरं. पण अमेरिकन कायद्याला मोबदला लागतो, आगाऊ रोकड नव्हे. ‘मी माल देईन’ या वचनाच्या बदल्यात ‘मी पैसे देईन’ हे वचन पुरेसं आहे. विसाराचा मुद्दा इथेच संपला.

सहीचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. १६७७ साली, इकडे शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाच्या मोहिमेवर होते तेव्हा, लंडनच्या पार्लमेंटने ‘स्टॅट्यूट ऑफ फ्रॉड्स’ नावाचा कायदा केला. खोटे साक्षीदार उभे करून न झालेले सौदे गळ्यात मारले जात, म्हणून १० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीच्या मालाच्या सौद्याला, माल किंवा विसार दिलेला नसेल तर, लेखी पुरावा सक्तीचा केला. इंग्लंडने मालाच्या विक्रीपुरता तो नियम १९५४ मध्ये काढून टाकला. आपल्याकडे १९३० च्या माल विक्री कायद्यात तोंडी सौदा चालतो. पण अमेरिकेने तो जपून ठेवला. युनिफॉर्म कमर्शियल कोड हा व्यापारी व्यवहारांचा नमुना कायदा; लुईझियाना सोडून सगळ्या राज्यांनी स्वीकारलेल्या त्याच्या दुसऱ्या भागात तो नियम आजही आहे: ५०० डॉलर किंवा त्यावरच्या मालाचा सौदा कोर्टात उभा करायचा तर ज्याच्यावर दावा आहे त्याच्या सहीचं काहीतरी लिखाण हवं. तुमचा सौदा ८,८०० चा. दुकानदाराला हे कोणीतरी सांगितलेलं दिसतं. पुढचं सांगितलेलं दिसत नाही.

पुढचं असं, की दोन्ही बाजू त्याच मालाच्या व्यापारी असतील, एकाने वाजवी वेळेत सौद्याची लेखी खातरजमा पाठवली, ती दुसऱ्याला मिळाली, आणि त्याने १० दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर सही नसल्याची सबब त्याला सांगता येत नाही. तुम्ही चार वर्षं फराळ विकता, तो दुकान चालवतो, दोघेही व्यापारी. तुम्ही त्याच रात्री पाठवलेला मेसेज ही ती खातरजमा. त्यात डब्यांची संख्या आहे, हे सर्वांत महत्त्वाचं, कारण लिखाणात जेवढा आकडा असेल तेवढ्यापुरताच सौदा बजावता येतो. खाली तुमचं नाव आहे, ती तुमची सही. इलेक्ट्रॉनिक सहीला कागदावरच्या सहीइतकीच किंमत आहे. केंद्रीय कायदा २००० चा, न्यू जर्सीचा २००१ चा. दोन वर्षं तुम्ही दोघं फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच धंदा करत आलात, तेव्हा ‘मला असला व्यवहार मान्य नव्हता’ हेही त्याला फारसं म्हणता येणार नाही.

त्या अंगठ्याबद्दल तुम्ही फार आशा बाळगून आहात असं पत्रावरून वाटलं. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात २०२३ मध्ये एका कोर्टाने अंगठ्याचं चित्र ही शेतकऱ्याची संमती आणि सही मानली, आणि जवसाच्या न पोचलेल्या मालापोटी त्याला ८२,००० कॅनडियन डॉलरच्या वर भरपाई भरायला लावली. गाजलेला निकाल आहे, पण कॅनडाचा. आपल्या न्यू जर्सीतल्या न्यू ब्रुन्सविकच्या न्यायाधीशावर तो बंधनकारक नाही. दुकानदार म्हणेल, अंगठा म्हणजे ‘वाचलं’. म्हणोत. तुमचा मेसेज त्याने वाचला, एवढं त्या अंगठ्याने सिद्ध झालं तरी दहा दिवसांचा नियम लागू करायला ते पुरे आहे.

त्याहून मजेशीर म्हणजे त्याचा रद्द करण्याचा मेसेज. ‘वो ४०० बॉक्स का ऑर्डर’ हे त्याचेच शब्द आहेत, त्याच्याच नंबरवरून. जी ऑर्डर नव्हतीच ती रद्द कशी करता येते? सौदा मोडणाऱ्या पत्रातच सौद्याची कबुली असेल, तर लेखी पुरावा म्हणून ते पत्र चालू शकतं. आणि कोर्टात शपथेवर तो ‘फोनवर ठरलं होतं’ असं म्हणाला, तरी सहीचा बचाव गेलाच. लेबलांचा मुद्दा मात्र मी पुढे करणार नाही. त्याच्यासाठी खास बनवलेला माल, जो दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, त्याला सूट आहे. पण तुम्हीच १८० डबे दुसऱ्यांना विकून दाखवलेत.

किचनबद्दल एक वाक्य, इतर वाचक भगिनींसाठी. घरच्या ओट्यावर करून विकण्याचा ‘कॉटेज फूड’ परवाना न्यू जर्सीत २०२१ पासून मिळतो, पण त्यावर माल थेट खाणाऱ्यालाच विकता येतो, दुकानाला घाऊक नाही. ताईंनी घरी केलं असतं तर हे उत्तर असं लिहिता आलं नसतं.

आता पैशांचं, आणि इथे तुमची निराशा होईल. ८,८०० मिळणार नाहीत, ७,८०० ही नाहीत. करार मोडणाऱ्याला शिक्षा करणं हा या कायद्याचा हेतूच नाही. करार पाळला असता तर तुम्ही जिथे असता, तिथे पैशांनी तुम्हाला नेऊन ठेवायचं, इतकंच. १८० डब्यांवर तुम्हाला २२ ऐवजी १५ मिळाले. फरक ७ डॉलर, म्हणजे १,२६०. दुसऱ्याला विकण्याआधी मोडणाऱ्याला तशी सूचना द्यावी लागते. तुम्ही रागात पाठवलेला तो मेसेज नेमकी तीच सूचना आहे. (राग एवढा उपयोगी पडल्याचं मी क्वचितच पाहिलंय.) न केलेले १५० डबे: तुमच्या हिशेबाच्या कागदात डब्याला १३ डॉलर खर्च दिसतो, म्हणजे ९ डॉलर नफा बुडाला, १,३५०. लेबलं डब्यामागे ६० सेंट, ती १५० वाया गेली, ९०. रवा-बेसन-तूप तुम्ही पुढे वापरलंत, ते धरायचं नाही. २५० वर थांबलात हेही बरोबर केलंत. गिऱ्हाईक पाठ फिरवून गेल्यावरही कढई चढवून ठेवली असती, तर तो वाढीव तोटा तुमच्याच माथी आला असता.

अडचण आहे ती वाटून टाकलेल्या ७० डब्यांची. पूर्ण किंमत, म्हणजे १,५४०, मागायची तर विकण्याचा वाजवी प्रयत्न केला आणि जमलं नाही हे दाखवावं लागतं, आणि माल त्याच्यासाठी राखूनही ठेवावा लागतो. तुम्ही वाटलात. भाऊबीज उलटून गेल्यावर अनारसे कोण विकत घेतो, हे मला कळतं. न्यायाधीशाला तुम्हाला समजावावं लागेल. मंडळाच्या स्टॉलचे फोटो, ‘दहाला घ्या’ म्हणून लोकांना पाठवलेले मेसेज, असं जे असेल ते जपा. जमलं तर एकूण ४,२४०. न जमलं आणि त्या डब्यांनाही ७ डॉलरचाच फरक धरला, तर ३,१९०. दावा या दोहोंच्या मधे कुठेतरी सुटेल.

आकडा ५,००० च्या आत आहे, हे चांगलं. न्यू जर्सीत तेवढ्यापर्यंतचे दावे ‘स्मॉल क्लेम्स’ या छोट्या दाव्यांच्या विभागात चालतात. ज्युरी नाही, फी किरकोळ, बहुधा सुनावणीच्या दिवशी आधी तडजोडीला बसवतात. धंदा तुमच्या स्वतःच्या नावावर असल्याने तुम्ही स्वतःच उभं राहा. मला वकील म्हणून नेमू नका. इथे जिंकलेल्याचीही वकिलाची फी, करारात तसं लिहिलेलं नसेल तर, त्याची त्यालाच भरावी लागते, आणि चार हजारांच्या दाव्यात माझी फी तुमचा सगळा फराळ खाऊन जाईल. दावा दुकानाच्या पाटीवरच्या नावावर करू नका. पाटीमागे बहुधा निराळ्याच नावाची एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) असते. राज्याच्या नोंदीत ती शोधा. मेसेज फोनवरून पुसू नका, स्क्रीनशॉटवर तारखा दिसू द्या, हिंदी मजकुराचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. दावा करायला चार वर्षांची मुदत आहे, पण त्यातली दोन रुसून बसण्यात घालवू नका. आधी १४ दिवसांची नोटीस पाठवा, हिशेबाच्या कागदासह.

उरले घरचे दोन सल्ले. मागच्या तारखेचं इन्व्हॉइस: यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांचा लॅपटॉप बंद करा. खोटा पुरावा तयार करणं हा गुन्हा आहे, आणि फाइल कधी बनली हे ती फाइलच सांगते. तुमच्याकडे खरा, ऑगस्टमधला मेसेज असताना त्याच्या शेजारी एक खोटा कागद ठेवलात, तर न्यायाधीश दोन्हींवर अविश्वास दाखवेल. मैत्रिणीचा सल्ला त्याहून धोक्याचा. कुणी कर चुकवत असेल तर कळवण्याचा हक्क कुणालाही आहे. पण ‘पैसे दे, नाहीतर कळवीन’ म्हटलंत की ते खंडणीच्या कलमाच्या जवळ जातं. हक्काचेच पैसे प्रामाणिकपणे मागत होते, असा बचाव घेता येतो. पण तो घ्यायची वेळ येते तेव्हा तुम्ही फिर्यादीच्या जागी नसून आरोपीच्या जागी असता. दिवाणी दाव्यात वरचष्मा मिळवण्यासाठी फौजदारीची धमकी देऊ नये, हा नियम आम्हा न्यू जर्सीच्या वकिलांनाही लागू आहे. नोटिशीत आयआरएस हा शब्द येता कामा नये, मैत्रिणीच्या तोंडूनही दुकानदाराच्या कानावर जाता कामा नये.

तुम्ही ताजा कलममध्ये विचारलंय, त्याच्या भाच्याने संक्रांतीला तिळाच्या वड्यांचे १०० डबे मागितलेत, घेऊ का. घ्या, मनात असेल तर. पण ‘मागचं यातच मिटवू’ असं तो तोंडाने म्हणाला तर त्याच दिवशी लिहून उत्तर द्या, की मागचा हिशेब वेगळा. निम्मे पैसे आधी घ्या. त्याला विसार म्हणा, हवं तर.